समुद्रकाठचं भरीत

नानांना इतिहासात जायचं होतं, आणि तिकडचा रस्ता माझ्या घरावरून जातो असा त्यांचा समज होता. मी धुळ्याच्या एका कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला. सासरच्या माणसांना या गोष्टीचा आजवर काडीचा उपयोग झाला नव्हता. शेतकी खात्यात ओळख असलेली सून त्यांना जास्त चालली असती.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. चोपड्याजवळ त्यांची केळीची बाग आहे. केळीचा अख्खा घड खाली जीपमध्ये ठेवून, त्यातली एक फणी तेवढी हातात घेऊन ते जिना चढून आले. तेव्हाच मी ओळखलं की काम आहे, पण मोठं नाही.

काम असं होतं. कोकणातल्या ज्या समुद्रकाठच्या गावी नाना दर हिवाळ्यात बस घेऊन जातात, तिथे पर्यटन महोत्सव भरणार होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाचा काही दोष नाही, निदान एकट्या गावाचा नाही. तर तिथल्या हॉटेलवाल्यांनी एक स्मरणिका काढायचं ठरवलं होतं आणि जुन्या पाहुण्यांकडून लेख मागवले होते.

"मॅडम, तुम्ही लिहा," नाना म्हणाले. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ते मला मॅडम म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी कधी मोजलं नाही. "गावाच्या पर्यटनाचा इतिहास. सुरुवात आपल्यापासून करा."

"आपल्याआधी तिथे कोणी गेलं नव्हतं का?"

"गेले असतील एकटेदुकटे. बस कोणी नेली?"

इतिहासाची ही व्याख्या मी कोणत्या पुस्तकात वाचली नव्हती, पण ती वाईट नाही. कितीतरी राजे याच हिशेबानं पहिले ठरले आहेत.

"आम्ही गेलो नसतो तर ते गाव आज मासे वाळवत बसलं असतं," नाना पुढे म्हणाले. मासे वाळवत बसणं हा काही गुन्हा आहे का, असं मी विचारलं नाही. लेख लिहायचा तर यंदाच्या बसमध्ये एक जागा मला फुकट आहे, असंही त्यांनी सांगितलं. ती उदारता बघून मी हो म्हटलं.

त्या गावाच्या पर्यटनाची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिलेली आहे, त्यामुळे संशोधन फारसं करावं लागणार नव्हतं. मी नवी नवरी होते. गावाकडची मंडळी राखीव एसटी करून देवदर्शनाला निघाली होती आणि त्या गावाजवळ एक गणपती होता. तिन्हीसांजेला बस गावात शिरली आणि वाळू लागली तिथे रस्ता संपला. हॉटेल नावाची वस्तू नव्हती. सुपारीच्या वाडीत एका काकूंचं घर होतं. पन्नासभर माणसं बसमधून उतरताना बघून त्या बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी अंगण मोकळं करून दिलं, विहीर दाखवली आणि भात टाकू का म्हणून विचारलं.

यावर नानांनी त्या गावच्या पर्यटनातला पहिला प्रश्न विचारला. "या चुलीवर मासे शिजतात का?"

"रोजच शिजतात," काकू म्हणाल्या.

आमची मंडळी माळकरी. काकूंच्या या उत्तरानं पुढच्या कितीतरी वर्षांची रीत पडली. काकूंचा भात नम्रपणे नाकारण्यात आला. अंगणात तीन दगड मांडून आमच्या बायकांनी वेगळी चूल पेटवली, आणि समुद्राला भेटायला आठशे किलोमीटरच्या आसपास आलेली माणसं त्या रात्री आपल्याच घरची खिचडी खाऊन झोपली.

पुढच्या वर्षीपासून तयारीनं जायला लागलो. खासगी बस आली. बसमध्ये माणसं दुय्यम. आधी पातेली, परात, तेलाचे डबे, लाल तिखट, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पोती, भरिताची हिरवी वांगी, आणि टपावर दोरीनं आवळलेल्या कापसाच्या काड्यांचे भारे. भरिताची वांगी काड्यांवरच भाजायची असतात. लाकडावर भाजली तर वांग्याला लाकडाचा वास येतो, काड्यांवर भाजली तर भरिताचा, असा आमच्याकडे सिद्धांत आहे आणि तो खरा आहे. बाकी कोणत्या बाबतीत एवढा काटेकोरपणा मी आमच्या माणसांत पाहिलेला नाही. नरडाणा मागे पडायच्या आत पहिला डबा उघडायचा, आणि धुळ्याला मी बसमध्ये चढायचे तेव्हा सगळ्यांचे हात तेलकट झालेले असायचे.

काकूंना आम्ही काय वाटत असू कोण जाणे. अंगणाचं भाडं त्या घ्यायच्या, बाकी काही बोलायच्या नाहीत. एका वर्षी फाटकाला पत्र्याची पाटी दिसली, 'घरगुती राहण्याची सोय'. पुढे कधीतरी अंगणाला फरशी बसली. शेणानं सारवलेली जमीन गेली, तशी नानांनी तक्रार केली की गावपण राहिलं नाही. हे बोलताना ते स्वतःच्या घरी बसवायच्या फरशीचा रंग काकूंच्या मुलाला विचारून घेत होते. मग सुपारीची झाडं एका बाजूनं कमी होत गेली आणि तिथे खोल्या उगवल्या. मग टीव्ही आला. समुद्रावर आलेली माणसं खोलीत बसून टीव्हीवर दुसऱ्या समुद्राची जाहिरात बघायला लागली.

मुलाच्या हातात कारभार आल्यावर घराचं रिसॉर्ट झालं. निळ्या काचा लागल्या. दारात सिमेंटचा डॉल्फिन उभा राहिला. त्याच्या तोंडातून पाणी उडायचं, ते दोन हंगाम उडालं. नगरपंचायतीनं रस्त्यावर कमान बांधली, किनाऱ्यावर गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं रोवली आणि मध्ये लाल बदाम बसवला. लोक समुद्राकडे पाठ करून त्या बदामाजवळ उभे राहतात आणि फोटो काढतात. किनाऱ्यावर घोडे आले, मग उंट आला. गुजरातकडून मेंढरं घेऊन येणाऱ्या लोकांचे उंट आमच्या शिरपूर रस्त्यावर वाहतूक अडवतात, तेव्हा हीच माणसं त्यांना शिव्या देतात. समुद्रावर त्याच उंटावर बसायला पोरांसकट रांग.

पण खरी गंमत रबरी केळ्याची. मोटारबोटीला बांधलेलं एक लांबलचक पिवळं केळं, त्यावर माणसं ओळीनं बसतात आणि शेवटी पाण्यात पडतात. पडणं हाच त्यातला आनंद. नानांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कंबरेवर हात ठेवून ते बराच वेळ उभे होते.

"कोणती जात म्हणायची ही?" त्यांनी बोटवाल्याला विचारलं.

बोटवाल्याला वाटलं माणसाची जात विचारतात. तो जरा रागानंच म्हणाला, "सगळ्या जातीचे बसतात, काका."

"बागेत वाऱ्यानं केळ पडली की आमचे पैसे बुडतात," नाना म्हणाले. "इथं पडायचे पैसे घेतात." तेवढं एक वाक्य त्यांच्या पर्यटनातलं मला आवडलं.

एरवी नानांचा समुद्राशी संबंध ठरावीक होता. सकाळी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभं राहायचं, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, थुंकायचं, आणि "खारं शे" असं जाहीर करायचं. दर वर्षी हा शोध नव्यानं लागायचा. मग चहा, पत्ते, जेवण, झोप, पत्ते, जेवण. बसमधून गेलेल्या सगळ्यांत पर्यटक म्हणावा असा एकच माणूस होता, आमचा नशिराबादचा ड्रायव्हर. तो गाडी लावली की गायब व्हायचा, खाणावळीत मासे खायचा, किनाऱ्यावरून एकटाच लांबवर चालत जायचा आणि परतताना खिशात शिंपले घेऊन यायचा. आमच्या मंडळींत त्याच्याबद्दल मत असं होतं की माणूस चांगला आहे, पण खाण्यापिण्याला जरा हलका.

आणि अक्का. अक्का म्हणजे नानांची बायको, माझ्या जाऊबाई. एवढ्या वर्षांत भरीत त्यांच्याच हातचं, कारण "हिच्या हाताला चव शे" असं नाना बसमध्ये चढतानाच सांगून टाकत. स्तुतीनं माणसाला कामाला जुंपायची ही रीत फार जुनी आहे. समुद्राकडून वारा येतो आणि चूल विझते, म्हणून रांधणारीनं वाऱ्याकडे पाठ करून बसायचं. म्हणजे समुद्राकडे पाठ. दुसऱ्या बायका आळीपाळीनं पाण्यात जाऊन यायच्या, लुगडी-साड्या ओल्या करून खिदळत परतायच्या. अक्का त्यांना भाकरी वाढायच्या.

नाना लेखाचं सांगून गेले त्यानंतर थोड्याच दिवसांनी अक्का माझ्याकडे राहायला आल्या, गुडघे दाखवायला. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि दोन्ही गुडघे बदलावे लागतील म्हणून सांगितलं. घरी आल्यावर त्या बाल्कनीत खुर्चीवर बसल्या आणि पदरानं गुडघे झाकून घेतले, जणू त्यांनी काही ऐकू नये.

"घाबरलात का?" मी विचारलं.

"नही वं. घाबरानं काय त्यामा." मग म्हणाल्या, "एक इचारू? समुद्राचं पाणी पायाला लागलं की कसं वाटतं?"

मला आधी कळलंच नाही. "तुम्ही गेला नाहीत कधी पाण्यात?"

"कवय जाऊ? सकाळी चहा-पोहे, दुपारी भरीत, दिवस बुडताना भाकरी. तो त्या वेळेसच तिथं असतो ना, समुद्र?"

मी इतिहासाची प्राध्यापक. इतकी वर्षं त्याच बसमध्ये बसून जाणाऱ्या बाईच्या पायाला समुद्र लागलेला नाही, ही नोंद माझ्याकडे नव्हती.

"ऑपरेशननंतर जाऊ," मी म्हटलं.

"नंतर काय कामाचं? ते नवे गुडघे राहतील. माले ह्या जुना बुडवाना शेतस. यास्नीच केलं ना सगळं."

मी नानांना फोन करून सांगितलं की यंदा रिसॉर्टवाल्याचंच जेवण घेऊ, अक्कांना विश्रांती हवी. नाना म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

पण यंदा दैव अक्कांच्या बाजूनं होतं, निदान तसं दिसलं. रिसॉर्टच्या दारातच नवी पाटी लावली होती: 'आवारात स्वयंपाक करण्यास व बाहेरील अन्न आणण्यास सक्त मनाई आहे.' सक्त हा शब्द लाल रंगात. काकू आता थकल्या होत्या. त्या कचेरीच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या असत, सिमेंटच्या डॉल्फिनसारख्याच, जुनं काहीतरी दाखवायला ठेवल्यासारख्या. त्यांच्या मुलानं हात जोडून नानांना सांगितलं की नियम तो नियम, जेवण आपल्याकडचंच, शाकाहाराचा तवा वेगळा आहे.

अक्का बसच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका सुंदर नियम मी आयुष्यात दुसरा वाचलेला नाही.

"आवारात मनाई शे ना?" नाना म्हणाले. "समुद्र कोणाच्या आवारात शे?"

बस किनाऱ्याकडे वळली. अक्कांनी पायरीवरून उठून आतल्या सीटचा आधार घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुपारच्या आधीची वेळ होती, ओहोटी. पाणी लांब गेलेलं, आणि मधे ओल्या वाळूचं मैदान पसरलेलं. वरची वाळू कोरडी, भुसभुशीत, पाय रुतणारी. खालची कशी घट्ट, गुळगुळीत, आत्ता कोणी सारवून गेल्यासारखी. आमच्याकडे भरिताच्या पार्ट्या शेतात होतात, नाहीतर नदीच्या पात्रात. पावसाळा सरला की तापीच्या कडेची वाळू जी उघडी पडते ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपली. तिथे चूल मांडा, पंगत बसवा, झोप काढा. नदी एकदा हटली की हटली, ती जेवणाच्या वेळेला परत येत नाही. एवढी वर्षं समुद्राला खारं खारं म्हणणाऱ्या माणसानं तो दिवसातून मागेपुढे होतो हे कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण तो मागेपुढे होत असे तेव्हा नाना पत्ते खेळत असत.

"बठ्ठं पात्र कोरडं शे," त्यांनी सगळीकडे पाहणी करून सांगितलं. "इथंच मांडा."

काकू काठी टेकत रस्त्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी हाक मारून सांगितलं, "अहो, जरा वर मांडा. पाणी चढतं दुपारी."

"काकू, आम्ही तापीचा पूर पाहिलेली माणसं," नाना म्हणाले.

काकू माझ्याकडे बघून हसल्या. चुलीवर मासे शिजतात का, या प्रश्नाचं उत्तर देतानाही त्या अशाच हसल्या असाव्यात. तेव्हा अंधार होता, दिसलं नसेल.

सतरंज्या पडल्या. काड्यांचे भारे टपावरून खाली आले. वारा समुद्राकडून होता, म्हणून अक्का समुद्राकडे पाठ करून बसल्या. त्यांना खाली बसवायला दोघी लागल्या. एक खांद्याला, एक कंबरेला. पाय समोर लांब पसरून बसायचं आणि हाताच्या अंतरावर आगटी पेटवायची, असं त्यांनी हल्ली बसवलं होतं. काड्या तडतडल्या, वांगी काळी पडायला लागली, आणि ओला, गोडसर, कडवट असा तो वास किनाऱ्यावर सुटला. उंटवाला वास घेत थांबला. बदामाजवळ फोटो काढणारे लोक वळून बघायला लागले. नाना त्यांना सांगत होते, "जळगावचं भरीत. खाल्लं का कधी?" महोत्सवाचं उद्घाटन इथेच उरकून घ्यावं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

मी अक्कांच्या शेजारी कांद्याची पात चिरत बसले होते. "संध्याकाळी नेते तुम्हाला," मी हळूच म्हटलं.

"संध्याकाळी भाकरी करानी शे," त्या म्हणाल्या.

पहिलं पाणी आलं ते लाटेसारखं आलंच नाही. कोणीतरी परातीतलं पाणी सांडावं तशी एक पातळ चकाकती कड मागून सरपटत आली, अक्कांच्या पाठीला लागली आणि परत गेली. अक्का दचकल्या. त्यांनी हात मागे नेऊन ओली साडी चाचपली.

"काय शे वं?"

"समुद्र," मी म्हटलं.

दुसरी आली ती आगटीपर्यंत. विस्तव चर्र करून विझला आणि राखेचा भपका उठला. मग एकच धावपळ. सतरंज्या उचला, पीठ उचला, तेलाचा डबा, पोरं, चपला. नानांनी आधी पत्त्यांचा कॅट उचलला, मग मिरचीचा डबा. एवढी माणसं होती, पण अक्कांना उठवायला दोघी लागतात हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात नव्हतं. मी सुरी बाजूला फेकली आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातला.

"चला, अक्का."

"थांब."

"अक्का, पाणी चढतंय."

"मंग चढू दे. माले उठानं नही."

त्यांनी बसल्या जागी, दोन्ही हात वाळूत रोवून, थोडं थोडं करत अंग फिरवलं. पाय आधी बाजूला, मग वळून समोर, समुद्राकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं तोंड तिकडे झालं. पुढची लाट आली ती पावलांवरून वर चढली, नडग्यांवरून वर, आणि दोन्ही गुडघ्यांवरून पसरून गेली. त्यांनी साडी वर ओढून घेतली. माझ्या बाल्कनीत पदरानं झाकलेले ते सुजलेले गुडघे भर दुपारी, शंभर माणसांदेखत उघडे होते. मी शेजारी बसले. उभं राहून धरण्यापेक्षा बसून धरणं सोपं होतं, आणि पाणी काही आम्हाला नेणारं नव्हतं.

काळी वांगी सुटून तरंगायला लागली. एक-दोन लाटांबरोबर आत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"अवं, उठ ना," वरून, कोरड्या वाळूतून नाना ओरडत होते. "भरीत चाललं बठ्ठं."

"जाऊ द्या," अक्का म्हणाल्या, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गार शे गं. माले वाटे ऊन राहीन."

ड्रायव्हर कुठूनतरी परत आला, पॅण्ट दुमडून पाण्यात शिरला आणि आमच्या मागे उभा राहिला. त्यानं घाई केली नाही. "अक्का, सांगाल तेव्हा उठवतो," एवढंच म्हणाला. बऱ्याच वेळानं त्यांनी सांगितलं.

दुपारी सगळे रिसॉर्टमध्ये जेवले. तवा वेगळा होता असं मुलगा म्हणाला आणि भुकेल्या माळकऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. संध्याकाळची भाकरी झाली नाही, कारण पिठाचं पोतं भिजलं होतं. अक्का खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि कोणी चहा आणून दिला तर घेत होत्या.

लेख मी लिहिला. पहिली बस नानांची, हे त्यात आहे. ते खोटं नाही. शेवटी एवढंच जोडलं की गावात पर्यटक म्हणून आलेली पहिली बाई यंदा आली, आणि दुपारच्या भरतीला किनाऱ्यावर बसली. संपादकांनी तो परिच्छेद कापला, जागा नव्हती म्हणून. त्या जागी नानांचा फेटा घातलेला फोटो छापला. महोत्सवात त्यांना शाल मिळाली. ती त्यांनी घरी कपाटाच्या काचेआड ठेवली आहे आणि आल्यागेल्याला दाखवतात. इतिहास बहुतेक असाच होतो. मी चुकीचं काही शिकवलं नव्हतं.

अक्कांचे गुडघे बदलून झाले. ऑपरेशन चांगलं झालं, आता त्या काठीशिवाय जिना चढतात. परवा तपासणीला आल्या तेव्हा मी म्हटलं, "आता चालता येतं. येत्या हिवाळ्यात उभ्यानं जाऊ पाण्यात."

त्यांनी साडीवरून दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवला. शेजारणीच्या पोरांच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"जाऊ ना," त्या म्हणाल्या. "यास्नी अजून काही पाह्यं नही."